अफेजियाला मराठीत काय म्हणायचं? वाचाघात, वाग्लोप की आणखी काही?

नौपाडेकर
मंडळी, एका शब्दावर मदत हवी आहे. गणपतीनंतर सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय सावरतोय, पण बोलणं परत आलेलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'ब्रोकाज अफेजिया' लिहिलंय. घरी भेटायला येणाऱ्यांना नेमकं काय सांगायचं, हा रोजचा प्रश्न झालाय. 'वाचा गेली' म्हटलं की लोक त्यांच्याशी ओरडून बोलतात, जणू कानच गेलेत. परवा नात्यातल्या एक मावशी त्यांच्या देखत विचारत होत्या, "आता ओळखतात का कुणाला?" अहो, बाबा मॅच बघताना स्कोअर बोटांवर दाखवतात! नेटवर 'वाचाघात' सापडला. तो हिंदीतून आलाय का? की आपला वेगळा शब्द आहे?

शब्दवेडी
हिंदीत चालतो म्हणून तो हिंदीचा ठरत नाही. वाचा आणि आघात दोन्ही संस्कृत, आणि पक्षाघात मराठीत रुळलेला आहेच. त्याच साच्यातला हा शब्द. खुशाल वापरा.

गंमत अशी की बोलणं थांबण्याबद्दल मराठीत शब्दांचा तुटवडा अजिबात नाही. वाचा बसणे, बोबडी वळणे, दातखीळ बसणे, बोलती बंद होणे. पण हे सगळे भीतीचे किंवा फजितीचे. आजाराच्या जवळ जाणारं एकच, 'जीभ जड होणे', आणि तेही इथे लागू नाही. जीभ जड झालेल्या माणसाला शब्द सापडलेला असतो, तो नीट उच्चारता येत नाही. तुमच्या सासऱ्यांना शब्दच हाती लागत नाही, बरोबर ना?

नौपाडेकर
अगदी. काल चष्मा हवा होता. डोळ्यांकडे बोट, मग टेबलाकडे, मग "ते… ते… वाच…" आणि चिडून मांडीवर थाप. मी "चष्मा?" म्हटल्यावर लगेच मान डोलावली.

जुना_ठाणेकर
आपल्याकडे वाणीचे चार प्रकार सांगितले आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. अर्थ मनात आहे, पण तोंडावाटे शब्द निघत नाही, म्हणजे वैखरी गेली. 'वैखरीभंग' हा शब्द सुचवतो. उसना नाही, आणि अर्थही चपखल.

वाशीची_थेरपिस्ट
काका, शब्द कानाला फार गोड आहे, पण तो घेता येणार नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे, लोकलमध्ये बसून लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

वैखरी म्हणजे प्रत्यक्ष उच्चारलेली वाणी. अफेजियात नुकसान होतं ते भाषेचं. बोलणं, ऐकलेलं समजणं, वाचणं, लिहिणं, या चारही गोष्टींना कमी-जास्त फटका बसतो. याचा सगळ्यात ठळक पुरावा कर्णबधिर लोकांचा आहे. जन्मभर खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाच्या डाव्या मेंदूला इजा झाली, तर त्याच्या खुणा बिघडतात. हात धड असतो, साधे हावभाव येतात, पण खुणांचं व्याकरण मोडतं. तिथे वैखरीचा संबंधच नाही, तरी तो अफेजियाच.

आणि सगळ्यांचं बोलणं बंद होतं असंही नाही. ब्रोकाज प्रकारात वाक्य असं येतं: "काल… स्टेशन… मुलगा… चहा." मोजके शब्द, प्रत्यय गळालेले, प्रत्येक शब्दाला कष्ट. वेर्निके प्रकारात उलट. माणूस घडाघडा बोलतो, सूर अगदी गप्पांचा, आणि हाती काही लागत नाही: "अहो ते काल मी ढवळलं ना, तर ते सगळं तिकडून उभं राहिलं." त्याला समोरच्याचंही नीट कळत नसतं आणि आपलं चुकतंय याची जाणीवही बरेचदा नसते. अशा माणसाला 'वाचा गेली' कसं म्हणणार? त्याला घरचे 'भ्रम झाला' म्हणतात आणि भलत्याच डॉक्टरकडे नेतात.

शब्दवेडी
मग 'भाषाघात'?

वाशीची_थेरपिस्ट
अर्थाने तोच बरोबर. पण वाचाघात लोकांच्या कानावर आलेला आहे. मी ओपीडीत वाचाघात म्हणते आणि पुढे दोन वाक्यं समजावते.

ऐरोलीकर
हा वाद काही आपला पहिला नाही. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या सर्जनने एक रुग्ण तपासला, लेबोर्न नावाचा. सगळ्यावर त्याचं उत्तर एकच, "तां, तां." त्यामुळे त्याचं नावच तां पडलं होतं. समजत बरंच होतं, आकडे बोटांनी सांगायचा, आणि फारच संतापला तर एक कडक फ्रेंच शिवी मात्र स्पष्ट यायची. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू उघडला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. दुसऱ्या प्रकाराला ज्याचं नाव आहे, त्या वेर्निके या जर्मन डॉक्टरचं पुस्तक आलं १८७४ मध्ये, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता.

आता शब्दाचा भाग. ब्रोकाने या अवस्थेला नाव दिलं 'अफेमी'. १८६४ मध्ये आर्मां त्रुसो या डॉक्टरने हरकत घेतली की ग्रीकमध्ये याचा अर्थ बदनामीकडे झुकतो, आणि 'अफाजी' सुचवलं. तेच टिकलं. म्हणजे आपण आज जे करतोय तेच त्यांनीही केलं होतं! ग्रीकमधल्या या शब्दाचं मूळ 'बोलणे' या अर्थाचं, संस्कृत 'भण्'शी नातं सांगणारं, आणि भण् वरूनच आपलं 'म्हणणे' आलं. तेव्हा अफेजिया हा म्हणण्याचा दूरचा भाऊबंद आहे. परका म्हणून हाकलायची घाई नको.

जुना_ठाणेकर
हे भारी आहे. वैखरीभंग मागे घेतो. (मनातून नाही.)

कोपरखैरणे_गावठाण
शब्दापेक्षा मला भाषा कुठली हे महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरी आगरी बोलतात. आजोबांना वाचाघात झाला तेव्हा जिथे थेरपीला नेत होतो, तिथे चित्र दाखवून 'पाणी' वदवून घ्यायचे. आजोबा 'पानी' म्हणायचे. प्रत्येक वेळी चूक. अहो, ते ऐंशी वर्षं पानीच म्हणत आलेत! शेवटी आजीनेच हात धरून परत आणलं. शिव्या मात्र आजोबांच्या एकदम स्वच्छ यायच्या, त्या लेबोर्नसारख्याच.

वाशीची_थेरपिस्ट
हे वाचून वाईट वाटलं, आणि हे घडतं. झटका येण्याआधी माणूस घरात कसा बोलायचा हे विचारल्याशिवाय चूक ठरवायचीच नसते. 'पानी' हे त्यांच्यासाठी शंभर टक्के बरोबर उत्तर.

शिव्यांचं म्हणाल तर, सवयीने पाठ झालेली भाषा बरेचदा शाबूत राहते. पाढे, वारांची नावं, रामरक्षा, आरत्या, शिव्या. माणूस 'सोमवार, मंगळवार' घडाघडा म्हणतो, पण आज वार कोणता विचारलं की गप्प. घरच्यांना वाटतं नाटक करतायत. नाटक नाही. जुळवून बोलणं आणि पाठ म्हणणं यांसाठी मेंदूचे मार्ग सारखे नसतात. चालीवर शब्द म्हणवून घेण्याची एक पद्धतही आहे, १९७३ पासून वापरात.

मराठीचीही एक गोम सांगते. शब्द अडला की आम्ही पहिला आवाज देतो. चमच्याचं चित्र असेल तर 'च'. पण चमच्यातला च दाताजवळचा, चंद्रातला च टाळूजवळचा. अक्षर एकच. चंद्राचा च दिला तर काही पेशंट हमखास अडकतात, चमच्याचा दिला की शब्द सुटतो. अक्षर लिहून दाखवलं तर हा फरक दिसतच नाही, म्हणून तोंडानेच द्यायचा. तरी नाही आला तर: कुठे असतो? स्वयंपाकघरात. कशाला लागतो? पोहे खायला. मग कधी 'वाटी' येतं, कधी 'मचचा', आणि मग चमचा. घरी चष्म्याचंही असंच करा. लगेच शब्द पुरवू नका, पण चिडेपर्यंत ताणूही नका.

नौपाडेकर
ताई, खूप उपयोगी सांगितलंत. एक विचारू? ओळखीचे सगळे म्हणतात, जे यायचं ते सहा महिन्यांत येतं, नंतर पैसे पाण्यात. खरं आहे का?

वाशीची_थेरपिस्ट
सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, इतकं खरं. 'नंतर काही नाही' हे खोटं. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतला एक अभ्यास आला. त्यातल्या १५६ जणांना अफेजिया होऊन किमान सहा महिने झालेले होते. आठवड्याला दहा तास किंवा जास्त, असं किमान तीन आठवडे थेरपी दिल्यावर रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ज्यांची थेरपी तुलनेसाठी नंतर सुरू करायची ठेवली होती, त्यांचं तेवढ्या काळात सुधारलं नाही. त्याआधी २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ५७ चाचण्या आणि ३००२ माणसं यांचा एकत्र आढावा घेतला होता. थेरपीचा फायदा होतो, हाच त्याचा निष्कर्ष.

पण आठवड्याला दहा तास आपल्याकडे कोण देणार? ठाण्याहून रिक्षा, जिना, सोबत एक माणूस, वर फी. बहुतेकांना आठवड्यातून एक-दोनदाच जमतं. म्हणून बाकीचा सराव घरी. त्यातही एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये २७८ लोकांवर संगणकावर शब्दसराव करून पाहिला, २०१९ मध्ये निकाल आला. सराव केलेले शब्द सुधारले, पण गप्पांमध्ये त्याचा फरक पडला नाही. तेव्हा ॲप लावून दिलं म्हणजे झालं असं समजू नका. बाबांना लागणारेच शब्द निवडा, आणि ते खऱ्या बोलण्यात आणा. मॅच बघतात ना? मग आउट, चौकार, रन. हत्ती-उंट कशाला?

ऐरोलीकर
बाबा आणखी कुठली भाषा बोलायचे का?

नौपाडेकर
नोकरी बँकेत, तिथे इंग्रजी. शेजार गुजराती, तेही फर्डं यायचं. आता मधूनच 'थँक्यू' येतं, मराठी शब्दाआधी!

वाशीची_थेरपिस्ट
येऊ द्या. कुठली भाषा आधी परतेल याचा एकच नियम नाही. कुणी म्हणतं पहिली शिकलेली, कुणी म्हणतं सगळ्यात जास्त वापरलेली, आणि पेशंट दोघांनाही खोटं पाडतात. थँक्यूला थँक्यूच समजा, "मराठीत सांगा" म्हणू नका.

शब्दवेडी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. पाहुण्यांना आणि बाहेरच्यांना काय सांगायचं? कोशातला शब्द एक, पण टीएमटी बसच्या कंडक्टरला वाचाघात सांगून काय कळणार? खिशात ठेवायला एक कार्ड करा. मसुदा देते:

"मला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला आहे. मला सगळं समजतं, पण बोलता येत नाही. कृपया मदत करा."

वाशीची_थेरपिस्ट
कार्ड हवंच. पण 'सगळं समजतं' काढा. ब्रोकाजमध्येही गुंतागुंतीचं वाक्य निसटतं. "पोलिसाला चोराने पकडलं" म्हटलं तर बरेच पेशंट पोलीस चोराला पकडतोय ते चित्र दाखवतात. ने आणि ला निसटतात, मग जगाच्या रीतीवरून अंदाज बांधतात. आणि 'बोलता येत नाही' लिहिलंत की कुणी बोलायची संधीच देणार नाही.

कोपरखैरणे_गावठाण
'मी प्यायलेलो नाही' हे टाका. आजोबांना एकदा बसमधून उतरवलं होतं त्यावरून.

शब्दवेडी
सुधारित:

"मला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला आहे. त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागतो. मी प्यायलेलो नाही. माझ्याशी छोट्या वाक्यांत, सावकाश बोला. ओरडू नका, ऐकू येतं. हो-नाही असं उत्तर देता येईल असं विचारा."

वाशीची_थेरपिस्ट
उत्तम. फक्त हो आणि नाही यांची तोंडी अदलाबदल होते, म्हणून 'अंगठा वर म्हणजे हो' हे जोडा. मागच्या बाजूला घरचा फोन नंबर, आणि डॉक्टरसाठी बारीक अक्षरात 'अफेजिया (वाचाघात)'.

नौपाडेकर
बाबांना वाचून दाखवलं. 'प्यायलेलो नाही'ला हसले आणि अंगठा वर केला. 'कृपया'वर बोट ठेवून राहिले, आधीच्या मसुद्यातला. तो परत घालतो. उद्या नौपाड्यात लॅमिनेशन करून घेतो, मोठ्या टायपात.