मदत हवी आहे: आईचा अमृतमहोत्सव, गौरवअंक आणि दादाचा लेख

नमस्कार मंडळी. ज्यांचे आई-वडील चळवळीत होते किंवा ठरवून वेगळ्या वाटेने जगले, अशांचा सल्ला विशेष हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते, नाहीतर अडचण कळणार नाही.

आई-बाबांची ओळख आणीबाणीच्या दिवसांत पुण्यात झाली. आंतरजातीय लग्न, नोंदणी पद्धतीने. १९८१ मध्ये बाबांनी इंजिनिअरची नोकरी सोडली आणि दोघं वेल्ह्याकडे एका वाडीवर राहायला गेले. दारातून समोर तोरणा दिसायचा. दादा तेव्हा दोन वर्षांचा होता, माझा जन्म तिथलाच. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेली नई तालीम बाबांना मनापासून पटलेली. मूल हाताने काम करत करत शिकतं, त्याला वर्गात कोंडायचं नाही. म्हणून दादाला शाळेत घातलंच नाही. भाताचं खाचर मोजून क्षेत्रफळ, टकळीवरचं सूत मोजत पाढे, रात्री कंदिलाशी वाचन.

मी पाच वर्षांनी धाकटी. माझी वेळ येईपर्यंत आई-बाबा बरेच निवळले होते. मला पाचवीपासून शाळेत घातलं, अकरावीला तर कर्वेनगरला आत्याकडेच ठेवलं. म्हणजे घर एकच, पण प्रयोग झाला तो दादावर. माझं बालपण खरंच सुंदर होतं. लावणीचे दिवस, बाबांचं वाचून दाखवणं, घरी मुक्कामाला येणारी नाना तऱ्हेची माणसं. त्यातलं काहीही मला खोटं म्हणता येणार नाही.

दादाचं निराळं. तो १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसला. वर्गातल्या बाकावर तो बसला तोच परीक्षेला. गणिताच्या पेपरात उत्तरपत्रिका संपली, पण पुरवणी मागायची असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग समासात, दोन ओळींच्या मधे, जागा मिळेल तिथे बारीक अक्षरात लिहीत राहिला. पास झाला, पुढे पॉलिटेक्निकही केलं, पण त्या दुपारबद्दल बोलताना आजही त्याचा आवाज बदलतो.

त्याहून मोठा विषय कानाचा. लहानपणी पावसाळा आला की दादाचा डावा कान फुटायचा. आई-बाबांचा भर निसर्गोपचारावर. लसूण घालून कढवलेलं तेल, लंघन, मातीची पट्टी. हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे पुण्यात आल्यावर आत्याने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा पडद्याला भोक असल्याचं कळलं. ऑपरेशन झालं, पण त्या कानाचं ऐकणं पूर्ण परत आलं नाही. पंगतीत दादा कायम डावीकडचं टोक धरतो, म्हणजे सगळी माणसं उजव्या कानाकडे येतात. आई हे रोज बघत आली आहे.

हेही सांगायला हवं की आज धायरीत त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि 'हात बाबांनी दिले' असं तो स्वतःच म्हणतो. बाबा गेले तेव्हा सगळ्यात जास्त तोच रडला.

आता आईला पंचाहत्तर पूर्ण होताहेत. जुन्या सहकाऱ्यांनी नवी पेठेत एस. एम. जोशी सभागृहात कार्यक्रम ठरवलाय, गौरवअंकही निघणार आहे. दोन्ही मुलांचे लेख हवेत. दादा म्हणाला, "लिहिलं तर कानाबद्दल लिहीन. ते चालणार नसेल तर मी लिहिणार नाही आणि येणारही नाही." अंकाचं काम बघणाऱ्या काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, प्रसंग आनंदाचा आहे, जरा सांभाळून घ्या."

आईशी बोलून बघितलं. तिचं एकच, "शाळेत घातलं असतं तर तो असा स्वतंत्र बुद्धीचा झाला असता का?" कान म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. मला वाटतं, 'तुझ्या कानाकडे आम्ही वेळेवर बघायला हवं होतं', एवढं एक वाक्य दादाला तिच्या तोंडून हवंय. आणि ते उच्चारलं तर बाबांसकट आपलं सगळं जगणंच चुकलं असं होईल, ही तिची भीती आहे. मला ती भीती कळते, पण दादाचं म्हणणं रास्त वाटतं. त्याचं बालपणही त्याच घरात झालंय.

दादाचा लेख छापणार नसाल तर माझाही नको, असं सांगायचं माझ्या मनात आहे. पण त्याने ऐन पंचाहत्तरीला आईवर दडपण येईल का? की आधी दादाचा लेख घरात तिघांनीच वाचावा? आपल्या आई-वडिलांशी असं बोलणं कुणी केलं असेल तर सुरुवात कशी केली, कुणाच्या तोंडून केली, ते कृपया लिहा.

दुसरं, मोठी भावंडं आणि वयस्कर आई यांना एकत्र बसवून मराठीत बोलणारे समुपदेशक पुण्यात कुणाला माहीत असतील तर निरोपातून नाव कळवा. कर्वेनगर-सिंहगड रस्त्याच्या बाजूला असतील तर उत्तम, आईला गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास झेपत नाही.

घरी शिकवणं बरोबर की चूक यावर इथे चर्चा नको, ती आम्ही दोघांनी आयुष्यभर केली आहे. लेख महिनाअखेरपर्यंत द्यायचेत.