साध्या नॅपकिनवर कापडी पट्टी : सल्ला हवा

निळी_बॉबिन
मोठ्या बहिणीच्या नव्या घरासाठी हात पुसायचे चार नॅपकिन स्वतः सजवून द्यायचे आहेत. नॅपकिन साधे पांढरे, टर्किशचे. लहानपणी आम्हा दोघींचे एकाच फुलाफुलाच्या कापडाचे फ्रॉक होते. त्यातला माझा अजून जपून ठेवलाय, त्याच्या पट्ट्या लावायच्या आहेत. आधी एक करून पाहिला. शिवल्यावर छान दिसत होता, पण पहिल्याच धुण्यात पट्टी फुगून तिला चुण्या पडल्या. इस्त्रीनेही गेल्या नाहीत. कापड मोजकंच आहे, आता वाया घालवायचं नाही. चूक कुठे झाली? शिवण्याऐवजी इस्त्रीने चिकटणारी जाळी वापरू का?

धावदोरा
जाळी वापर, सोपं पडेल. मी पिशव्यांवर नेहमी तेच करते.

तुरपाई
पिशवीचं कापड सपाट असतं गं, तिथे जाळी धरते. टर्किशवर ती फक्त लूपच्या, म्हणजे वर आलेल्या धाग्याच्या वेटोळ्यांच्या, टोकांना चिकटते आणि चार धुण्यांत कडा सुटतात. इथे टीपच हवी.

निळी_बॉबिन, नॅपकिन कोरा होता ना? फ्रॉकचं कापड कित्येकदा धुतलेलं, म्हणजे आटायचं तेवढं आटून झालेलं. नॅपकिन मात्र शिवल्यानंतर आटला आणि वरची पट्टी जास्तीची झाली. राहिलेले नॅपकिन आधी दोनदा कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळव. सॉफ्टनर घालू नकोस, त्याने टर्किश पाणी कमी टिपतं.

आता पट्टी. नॅपकिनच्या टोकाजवळ लूप नसलेला सपाट विणीचा पट्टा असतो, पट्टी तिथेच बसव. लूपवर कापड सरकतं आणि सुई अडकते. मापं धुतल्यानंतरच घ्यायची. समज, नॅपकिन १६ इंच रुंद आणि सपाट पट्टा २ इंचांचा आहे, तर कापड १८ इंच लांब आणि ३ इंच रुंद काप. वरखाली अर्धा-अर्धा इंच आत दुमडून इस्त्री कर. लांबीला दोन्हीकडे १ इंच जास्त राहील, ते नॅपकिनच्या मागे वळवून, टोक आत दुमडून हाताने तुरपून टाक. टाचण्या मधून कडांकडे लाव, पट्टी ओढू नकोस. सुई ९० नंबरची, टाका ३ मिलिमीटरचा, टीप कडेपासून जेमतेम २ मिलिमीटर आत. दोन्ही लांब टिपा एकाच दिशेने मार. एक डावीकडून आणि दुसरी उजवीकडून मारली की पट्टी तिरकी ओढली जाते.

निळी_बॉबिन
हो ताई, नॅपकिन कोराच होता! ते लक्षातच आलं नाही. आणखी एक शंका : फ्रॉकचं कापड काही ठिकाणी इतकं विरलंय की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. चालेल?

तुरपाई
तसं एकेरी लावू नकोस, टिपेजवळ फाटेल. खाली पातळ पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर दे, तेही धुतलेलंच. अस्तर दुमडलेल्या पट्टीच्या मापाचं कापून तिच्या आत ठेव, म्हणजे कडा जाड होणार नाहीत.

कतरण
रंग तपासलास का? जुन्या कापडाचाही जातो कधीकधी, लाल आणि गडद निळा विशेषतः. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापड दाबून वरून गरम इस्त्री फिरव. डाग उमटला तर ते पांढऱ्या नॅपकिनवर लावू नकोस.
आणि सजावट एकाच टोकाला कर. अडकवल्यावर तेच पुढे दिसतं, बाकीचा हात पुसायला मोकळा राहतो. मला भेट मिळालेल्या एका नॅपकिनवर साटीनची इतकी फुलं होती की हात कोरडे होईनात. मन लावून केलं होतं तिने, म्हणूनच वाईट वाटलं.

निळी_बॉबिन
रंग तपासला, डाग नाही. पट्ट्या मात्र तीनच निघतायत, पहिल्या नॅपकिनची उसवून धरली तरी. फ्रॉकचा छोटा खिसा उरलाय. तो चौथ्यावर लावता येईल?

तुरपाई
अगं, नक्की लाव! फक्त तोंड उघडं ठेवू नकोस, आत ओल साचते. वरची कडही शिवून टाक. खिसा सपाट पट्ट्याबाहेर जाईल, म्हणजे लूपवर बसेल, तर आधी चारही बाजूंनी मोठा धावदोरा घालून पक्का कर, मग कडेने सावकाश टीप मार. धावदोरा नंतर काढून घे. लूप सुईत येत असतील तर वर पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म ठेवून शिव.

निळी_बॉबिन
नॅपकिन भिजवलेत. खिशाचा सगळ्यात आधी करते.