बिट्टी आणि कळलावी

वर कुणीतरी विचारलंय की देवाला वाहतात ती फुलं घरात लहान मूल असताना लावायला हरकत नाही ना. देवाला चालतं म्हणजे पोटाला चालतं असं नाही हो! महादेवाला धोतरा वाहतात, पण त्याच्या बिया विषारीच.

आम्ही लहानपणी पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी तासन् तास खेळायचो, सागरगोट्यांसारखं. त्या बिट्टीच्या आतल्या गरात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, हे कळलं तेव्हा लग्न होऊन वर्षं झाली होती. आई फक्त "हात धू" म्हणायची. लाल-गुलाबी कण्हेरही तशीच, पानापासून मुळापर्यंत. हायवेच्या दुभाजकावर ती एवढी का लावतात? गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणीही कमी लागतं. छाटलेल्या फांद्या जाळू मात्र नका, धूरही बाधतो.

मला जास्त काळजी कळलावीची वाटते. कोकणात गौरीला हे फूल हवंच, पिवळ्या-लाल पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. तामिळनाडूचं हे राज्यफूल. पण कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि ते उकडून जात नाही. अंगणात असेल तर कंदांच्या शेजारी रताळी लावू नका.

कुणी काही चावलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. झाडाची फांदी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा, डॉक्टरांना ओळखायला सोपं जातं.

बाल्कनीत जास्वंद, मोगरा, गोकर्ण लावा की. गणपतीही खूश.