मदत हवी आहे: पायथनमधून संगणकाची इंटरनेट सेटिंग्ज वाचताना प्रॉक्सी रिकामी येते

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेत आमची स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. १२ संगणक, सगळ्यांवर विंडोज. मुलं बीड, नांदेड, धाराशिवकडची, सकाळी सहालाच येऊन बसतात. त्यांच्यासाठी मी पायथन या भाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिला आहे. रोज साडेसहाला प्रत्येक संगणकावर ही स्क्रिप्ट आपोआप सुरू होते, लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरची नवी जाहिरात, शुद्धिपत्रक, निकाल काय असेल ते उतरवते आणि डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवते.

आमचं इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका संगणकामार्फत येतं, थेट बाहेर जायला वाटच नाही. प्रॉक्सीचा पत्ता अधूनमधून बदलतो. नेटवर्कचं काम बघणारे दादा येतात आणि प्रत्येक संगणकावर इंटरनेट ऑप्शन्समध्ये नवा पत्ता टाकून जातात. म्हणून मी पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवला नाही. पायथनसोबतच येणाऱ्या यूआरएललिबमधलं 'गेटप्रॉक्सीज' हे फंक्शन संगणकाची सेटिंग्ज वाचून देतं असं कळलं, तेच वापरलं.

मी स्वतः काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) स्क्रिप्ट चालवली की सगळं नीट होतं, १९२.१६८.१.१०, पोर्ट ३१२८ असं उत्तर येतं. पण टास्क शेड्युलरने (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) तीच स्क्रिप्ट चालवली की 'गेटप्रॉक्सीज' रिकामा कंस परत देतं आणि थोड्या वेळाने १००६० क्रमांकाची त्रुटी येते, म्हणजे जोडणीची वेळ संपली. मग पायथनचं विनरेग वापरून थेट रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार, वाचली. हाताने चालवल्यावर 'प्रॉक्सीएनेबल'ची किंमत १ (प्रॉक्सी चालू), शेड्युलरमधून ० (बंद). शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून 'नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' ही आज्ञा दिली, तर ती म्हणते प्रॉक्सी नाहीच, थेट जोडणी आहे. आणि त्याच वेळी शेजारच्या खिडकीत क्रोम मात्र प्रॉक्सीतून छान चालू आहे!

एकाच संगणकाची तीन उत्तरं. खरं कोणतं मानायचं?

हे घाईचं आहे. गेल्या आठवड्यात स्क्रिप्ट गप्प पडली आणि आमच्याकडच्या एका मुलीला शुद्धिपत्रक दोन दिवस उशिरा दिसलं. तिची संधी हुकली नाही हे नशीब, पण ती रात्रभर झोपली नव्हती. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, शेड्युलरमधलं ते काम कोणत्या खात्यातून चालतंय? स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'व्हू अ‍ॅम आय' या खात्याचं नाव सांगणाऱ्या आज्ञेचं उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या आणि इथे टाका. एचटीटीपी_प्रॉक्सी नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रॅमना दिसणारी नाव-किमतीची नोंद) कुठे ठेवलाय का, तेही बघा. तो असेल तर पायथन रजिस्ट्रीकडे वळूनही बघत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

व्हेरिएबल नाही. उत्तर आलं 'एनटी ऑथॉरिटी, सिस्टम'. कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी काम चालावं म्हणून मीच सिस्टम खातं निवडलं होतं. मुलं मात्र 'विद्यार्थी' नावाच्या खात्यात बसतात.

प्रतिसाद २

मग गाठ सापडली. तुमची तिन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त ती तीन वेगळ्या कपाटांतली आहेत.

इंटरनेट ऑप्शन्समध्ये भरलेला पत्ता रजिस्ट्रीच्या 'करंट यूजर' या भागात, 'इंटरनेट सेटिंग्ज' नावाच्या कळीखाली जातो. तिथे 'प्रॉक्सीएनेबल', 'प्रॉक्सीसर्व्हर', 'प्रॉक्सीओव्हरराइड' अशी मूल्यं असतात. 'करंट यूजर' ही एकच जागा वाटते, पण प्रत्येक खात्याची ती वेगळी असते. 'विद्यार्थी' खात्यातून वाचलं की दादांनी भरलेला पत्ता मिळतो. सिस्टम खात्यातून वाचलं की विंडोज तुम्हाला एस-१-५-१८ या ओळखीच्या शाखेत नेतं, आणि तिथे कधीच कोणी काही भरलेलं नाही. पायथनची काही चूक नाही, त्याला रिकामं कपाट उघडून दिलं गेलं.

तिसरं कपाट विनएचटीटीपी या विंडोजच्या भागाचं. ते पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांसाठी आहे, अख्ख्या यंत्राला एकच, आणि नेटश तेवढंच दाखवतं. क्रोम किंवा एज ते वापरत नाहीत, 'गेटप्रॉक्सीज'ही त्याला हात लावत नाही. त्यामुळे 'नेटश विनएचटीटीपी इम्पोर्ट प्रॉक्सी' करून, म्हणजे इंटरनेट ऑप्शन्समधला पत्ता या कपाटात आणून, तुमची स्क्रिप्ट सुधारणार नाही. हे आधीच सांगतो, कारण नेटवर सगळीकडे तोच सल्ला मिळतो आणि माणूस दोन दिवस त्यातच अडकतो.

काम 'विद्यार्थी' खात्यातून चालवा. साडेसहाला ते खातं उघडलेलंच असेल तर 'वापरकर्ता लॉगिन असतानाच चालवा' हा पर्याय पुरेल. तुमच्या प्रशासक खात्यातून चालवू नका. दादांनी तिथे पत्ता भरला नसेल तर पुन्हा हाच घोळ.

यंत्रभर एचटीटीपीएस_प्रॉक्सी व्हेरिएबल ठेवणं सोपं वाटेल, पण ते टाळा. व्हेरिएबल सापडला की रजिस्ट्री वाचलीच जात नाही. उद्या पत्ता बदलला की स्क्रिप्ट जुन्याच पत्त्यावर धडका देत बसेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काय सांगू! ११ संगणकांवर आज सकाळी काम झालं. इतके दिवस मी स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत होते.

बारावा राहिला. कोपऱ्यातला जुना, विंडोज ७ वाला, त्यावर पायथन ३.८ आहे. तिथे प्रॉक्सी आता बरोबर वाचली जाते, पण फाइल उतरवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी एसएसएलची (सुरक्षित जोडणीची) त्रुटी देते, 'राँग व्हर्जन नंबर'. क्रोम तिथेही चालतं.

प्रतिसाद ३

हे दुखणं वेगळं आहे, आणि मी यात पोळलेला आहे. त्या यंत्रावर 'गेटप्रॉक्सीज'चं उत्तर नीट वाचा. 'एचटीटीपीएस'च्या पुढे जो पत्ता येतो त्याची सुरुवातही एचटीटीपीएसने होत असेल. रजिस्ट्रीत नुसता पत्ता आणि पोर्ट असतो, जुनं पायथन त्याला स्वतःच्या मनाने उपसर्ग लावतं. म्हणजे 'सुरक्षित संकेतस्थळांसाठी हा प्रॉक्सी वापर' याचं ते 'या प्रॉक्सीशीच सुरक्षित जोडणी कर' असं करून टाकतं. तुमचा प्रॉक्सी साधं एचटीटीपी बोलतो, म्हणून हातमिळवणी फसते. पूर्वी यूआरएललिब३ (रिक्वेस्ट्स आतून वापरते ती लायब्ररी) त्या उपसर्गाकडे दुर्लक्ष करायची, १.२६ आवृत्तीपासून तो खरा मानू लागली. पायथन ३.११ मध्ये हे सुधारलेलं आहे, पण विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं पायथन बसत नाही. तेव्हा 'गेटप्रॉक्सीज'ने दिलेली डिक्शनरी (किल्ली-किमतीची यादी) घ्या, 'एचटीटीपीएस' किल्लीसमोरच्या पत्त्याचा उपसर्ग एचटीटीपी करा आणि ती डिक्शनरी रिक्वेस्ट्सच्या प्रत्येक 'गेट' विनंतीला 'प्रॉक्सीज' म्हणून द्या. सेशनला, म्हणजे सगळ्या विनंत्यांना मिळून, एकदाच देऊन चालणार नाही, रिक्वेस्ट्स तिथे संगणकाच्या सेटिंगलाच मान देते.

आणखी एक. दादा कधी पत्त्याऐवजी स्वयंचलित कॉन्फिगरेशनची स्क्रिप्ट लावून गेले, तर 'ऑटोकॉन्फिगयूआरएल' हे मूल्य भरलं जाईल आणि 'गेटप्रॉक्सीज' ते वाचत नाही. ती फाइल म्हणजे जावास्क्रिप्टचं एक फंक्शन असतं, ते चालवूनच उत्तर मिळतं. तेव्हा विनएचटीटीपीमधलं 'विनएचटीटीपी गेट प्रॉक्सी फॉर यूआरएल' हे फंक्शन सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शन्स वापरायच्या सोयीतून) बोलवावं लागेल. आत्ता गरज नाही, पण दादांना विचारून ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

उपसर्ग बदलला, बारावाही चालला. दोघातिघांचे मनापासून आभार. आता रोजच्या लॉगच्या (स्क्रिप्टच्या नोंदींच्या फाइलच्या) पहिल्या दोन ओळींत खात्याचं नाव आणि वाचलेली प्रॉक्सी लिहिली जाते, आणि एकही फाइल उतरली नाही तर डेस्कटॉपवर लाल अक्षरात सूचना येते. ती सूचना मी पहिल्याच दिवशी घालायला हवी होती.

ऑटोकॉन्फिगचं दादांना विचारलं. सध्या तसा विचार नाही म्हणाले, पण बुधवारी पत्ता पुन्हा बदलणार आहेत. बुधवारी नवा पत्ता टाकला की गुरुवार सकाळचा लॉग इथे टाकते.