आईचे पित्त आणि स्वयंपाकघरातला जुना बॉयलर: आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

शनिवार

माधवी (रेडिंग, इंग्लंड): सर्वांना नमस्कार. आईला गेल्या दहा-बारा दिवसांपासून दुपारनंतर डोके जड होण्याचा आणि मळमळण्याचा त्रास होत आहे. ताप नाही, सर्दी नाही. ती पित्त म्हणते आणि मीही तेच समजत होते, कारण इथल्या थंडीत तिचे फिरणे बंद झाले आहे आणि जेवणाच्या वेळाही बदलल्या आहेत. मागच्या रविवारी आम्ही तिला दिवसभर ऑक्सफर्डला नेले होते, तेव्हा मात्र ती अगदी ठणठणीत होती. घरी परतल्यावर रात्री पुन्हा डोके धरून बसली. तिकडून येणाऱ्या कोणाबरोबर तिचे नेहमीचे औषध पाठवता येईल का?

सुनंदामावशी (सांगली): पित्तच असणार. ताईला अनशापोटी चहा घेण्याची जुनी सवय आहे, ती आधी बंद कर. मोरावळ्याची बरणी मी पाठवते.

डॉ. शलाका (कोल्हापूर): मावशी, मोरावळा अवश्य पाठव, पण मला काळजी वाटते आहे ती वेगळ्याच गोष्टीची. माधवी, तीन प्रश्नांची उत्तरे लगेच लिही. सुटीच्या दिवशी घरात असताना तुला किंवा मंदारला असाच त्रास होतो का? आई दिवसाचा बहुतेक वेळ कोणत्या खोलीत असते? आणि त्या खोलीत गॅसवर चालणारे काय काय आहे? घरात असताना दुखणारे आणि घराबाहेर पडल्यावर थांबणारे डोके मला पित्ताचे वाटत नाही.

माधवी: होय, शनिवारी-रविवारी माझेही डोके दुखते, आठवड्याचा शीण म्हणून मी सोडून दिले होते. आई दिवसभर स्वयंपाकघरात विणकाम घेऊन बसते, कारण घर गरम ठेवणारा बॉयलर तिथेच आहे आणि ती खोली सर्वांत उबदार असते. बॉयलर जुना आहे, वीस वर्षांहून अधिक, जमिनीवर उभा असलेला आणि विटांच्या चिमणीला जोडलेला. त्याच्याजवळ भिंतीत खाली एक जाळी आहे. तिच्यातून पायांवर बोचरे वारे येते, म्हणून आईने पंधरा दिवसांपूर्वी वर्तमानपत्राच्या घड्या घालून ती वरून चिकटपट्टीने बंद केली आहे.

प्रसाद (मँचेस्टर): माधवी, बॉयलर आणि शेगडी आत्ता बंद कर, दारे-खिडक्या उघड, आईला घेऊन बाहेर पड आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करून कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा संशय असल्याचे सांग. तो गॅसच्या आणीबाणीचा मोफत क्रमांक आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. आईला चक्कर येत असेल किंवा ती गोंधळल्यासारखी वाटत असेल, तर आधी रुग्णवाहिकेसाठी ९९९. कागद काढून बॉयलर पुन्हा लावून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये. बाकीचे नंतर बोलू.

रविवार

माधवी: काल उत्तर देता आले नाही. गॅसची माणसे तासाभरात आली आणि त्यांनी बॉयलरचा पुरवठा तोडून त्यावर धोक्याची चिठ्ठी लावली. आम्ही तिघे रुग्णालयात गेलो. आईच्या आणि माझ्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला निघाला, आईच्या अधिक. मास्कने प्राणवायू दिल्यावर रात्रीपर्यंत तिचे डोके उतरले आणि आज ती घरी आहे. एक मात्र मला कळले नाही. आपण कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर तिने बरोबर आणला आहे आणि त्यावर परवा दुपारी, ऐन डोकेदुखीत, ९७ दिसत होते. मग धोका कसा होता?

डॉ. शलाका: तो आकडा या विषबाधेत फसवा असतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही, त्यामुळे शरीर प्राणवायूसाठी तडफडत असताना त्यावर ९७ किंवा ९८ दिसू शकते. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि ती लवकर व्हावी लागते. साध्या हवेत राहिले तरी या वायूचे रक्तातले प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात. म्हणजे तुम्ही काल दिवसभर बाहेर हिंडून संध्याकाळी गेला असता, तर कदाचित ‘सर्व ठीक आहे’ असे ऐकून परत त्याच घरात आला असता. पुढचे काही आठवडे आईच्या विसरण्याकडे, चालण्याकडे आणि स्वभावातल्या बदलाकडे लक्ष ठेव, कारण मेंदूवरचे काही परिणाम उशिरा दिसतात.

अशोककाका (पुणे): देवाची कृपा. पण माझी एक शंका आहे. गॅसला तर उग्र वास असतो. इतके दिवस घरात वायू साठत होता, तर तिघांपैकी एकालाही वास कसा आला नाही?

प्रसाद: काका, वास असतो तो न जळलेल्या गॅसला, आणि तोही गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. इथे गळती नव्हतीच. गॅस जळत होता, पण अर्धवट, आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना चव.

मूळ प्रकार असा, की एक भाग नैसर्गिक गॅस पूर्ण जळायला सुमारे दहा भाग हवा लागते, आणि माधवीच्या घरातला जुन्या धाटणीचा बॉयलर ती हवा स्वयंपाकघरातूनच घेतो. भिंतीतली जाळी त्यासाठीच ठेवलेली असते. जळून गेलेला गरम धूर स्वतःच्या हलकेपणाने चिमणीतून वर चढतो. त्याला ढकलणारे यंत्र नसते. जाळी बंद झाली, इथल्या थंडीमुळे खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि त्यात शेगडीवरचा एक्झॉस्ट पंखा खोलीतली हवा बाहेर फेकू लागला, की खोलीला हवा कुठून तरी ओढून घ्यावी लागते आणि उरलेली वाट एकच असते, चिमणी. धूर उलटा खोलीत उतरतो, तोच धूर ज्योतीला पुन्हा हवा म्हणून मिळतो, ज्योत आणखी गुदमरते आणि विषारी वायूचे प्रमाण झपाट्याने चढते. माधवी, तुमच्याकडे असा पंखा आहे का? निळी, ताठ ज्योत कधी पिवळी, लवलवती दिसत होती का? बॉयलरच्या तोंडाशी काजळी होती का?

माधवी: पंखा घरमालकाने वसंत ऋतूत नवा बसवला, चांगला ताकदीचा. आई फोडणी देताना तो लावते आणि विसरते. काजळी होती, मी ती दोनदा ओल्या फडक्याने पुसली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आहे, पण जिन्याखाली. त्याचे बटण मी दर महिन्याला दाबते आणि तो वाजतो.

प्रसाद: बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे बॅटरी आणि भोंगा ठीक आहेत, वायू ओळखणारा भाग जिवंत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मागच्या बाजूला बदलण्याची तारीख छापलेली असेल, ती पाहा.

माधवी: २०२१.

प्रसाद: मग ती नुसती भिंतीवरची शोभा होती. अलार्म बॉयलरच्याच खोलीत, त्याच्यापासून आडवे अंतर एक ते तीन मीटर ठेवून, भिंतीवर दार-खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच आणि छतापासून किमान पंधरा सेंटिमीटर खाली लावायचा असतो. एक गोष्ट मात्र सर्वांनी समजून घ्यावी. इथल्या प्रमाणित अलार्मला हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत वाजावे लागते, पण ५० भागांवर तो वाजायला तास ते दीड तास लागतो, आणि ३० भागांवर दोन तास तरी वाजत नाही. म्हणून अलार्म गप्प आहे एवढ्यावरून रोजच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये.

अशोककाका: एकूण जुना बॉयलर काढून नवा बसवावा, हाच उपाय दिसतो.

प्रसाद: तुमचे म्हणणे बरेचसे खरे आहे, कारण आताचे बंदिस्त बॉयलर हवा थेट बाहेरून घेतात आणि धूर थेट बाहेर सोडतात, खोलीच्या हवेशी त्यांचा संबंधच नसतो. पण मी वयालाच दोष देणार नाही. दरवर्षी साफ होणारा, चिमणी मोकळी असलेला जुना बॉयलर मी पाहिला आहे, आणि धुराच्या नळीचा सांधा छताच्या पोकळीत निखळलेला नवाही पाहिला आहे. ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर ऑक्टोबर २००६ मध्ये सुटीसाठी गेलेली दोन ब्रिटिश भावंडे हॉटेलच्या बंगल्यात याच वायूने गेली. तिथला सदोष बॉयलर तर त्यांच्या खोलीत नव्हताच, बाहेर शेजारच्या खोपटात होता. हवा कुठून येते आणि धूर कुठे जातो, हे मी आधी विचारतो, वय नंतर.

माधवी: घरमालकाच्या एजंटाचा निरोप आला आहे. जाळी आम्ही बंद केली, म्हणून सर्व जबाबदारी आमची, असे तो म्हणतो.

प्रसाद: जाळी बंद करणे चूकच होती, ते लेखी मान्य करायला हरकत नाही. पण १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने दर बारा महिन्यांनी तपासणी करून घेतली पाहिजे आणि तिचा दाखला भाडेकरूला २८ दिवसांत दिला पाहिजे. तुमच्याकडे शेवटचा दाखला कधीचा आहे?

माधवी: चौदा महिन्यांपूर्वीचा.

प्रसाद: मग तारखेसह त्याला तेवढेच लिही. अलार्म निकामी असल्याचेही आजच लेखी कळव, कारण इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅसचा बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत अलार्म बसवणे आणि भाडेकरूने कळवल्यावर तो दुरुस्त करणे किंवा बदलणे घरमालकावर बंधनकारक आहे. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे ‘गॅस सेफ’चे, म्हणजे गॅसच्या कारागिरांच्या अधिकृत नोंदणीचे, ओळखपत्र मागून घे आणि ते उलटून पाहा, कोणकोणती कामे करण्यास तो पात्र आहे, ते मागे छापलेले असते. पंखा चालू ठेवून धूर उलटतो का, ही चाचणी त्याने तुझ्यासमोर केली पाहिजे. नवा पंखा लावल्यानंतर ती कोणी केली होती का, हा प्रश्नही एजंटाला विचार.

अशोककाका: मी सकाळपासून हे सर्व वाचतो आहे आणि मला माझ्या न्हाणीघराची आठवण होते आहे. आमचा गॅस गिझर आतच आहे, सिलिंडर बाल्कनीत. खिडकीच्या काचपट्ट्यांतून वारा येतो, म्हणून दिवाळीनंतर मी तिथे प्लायवुड ठोकले.

डॉ. शलाका: काका, तुमच्या गिझरला तर चिमणीही नाही. माधवीचा धूर चुकून खोलीत आला, तुमचा रोजच येतो, आणि तोही दार लावलेल्या एवढ्याशा खोलीत. आज प्लायवुड काढा. गिझर बाहेर उघड्या जागी हलवेपर्यंत बादलीत पाणी भरून घेऊन तो बंद करा आणि मगच अंघोळीला आत जा. काकूंना गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात भोवळ आली होती, तेव्हा आपण रक्तदाबाची गोळी बदलली होती. याच आठवड्यात त्यांना एकदा माझ्याकडे आणा.

अशोककाका: पक्कड घेऊन उभाच आहे. दुपारी कळवतो.

माधवी: आई लिहायला सांगते आहे: ‘जाळीवरचा कागद मीच लावला होता, गॅसवाल्याने विचारल्यावर मीच काढला. आता दिवाणखान्यात विजेच्या हीटरजवळ बसते. बॉयलर तपासून झाल्यावरच स्वयंपाकघरात बसेन, शाल घेऊन. सुनंदाने मोरावळा पाठवायचे मात्र थांबवू नये.’