‘इन्सेंटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका कारखान्यातल्या युनियनसाठी वेतन कराराचं मराठी करतोय. तीन ठिकाणी अडलोय. ‘प्रॉडक्टिव्हिटी’ म्हणजे उत्पादन, उत्पादकता की उत्पादनक्षमता? ‘इन्सेंटिव्ह’ला प्रोत्साहन भत्ता लिहिलं, पण शॉपवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं तिथे, तसं कुणीच म्हणत नाही. आणि ‘पार्टिसिपेशन’ला सहभाग हा शब्द मिळमिळीत वाटतो. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

पहिल्याचं उत्तर कुठलाही शेतकरी देईल. सोयाबीनचं उत्पादन वाढलं म्हणजे एकूण माल वाढला, मग तो नुसता पेरा वाढवूनही वाढतो. उत्पादकता वाढली म्हणजे एकरी उतारा वाढला. कारखान्यातही तेच. ओटी (जादा तास) लावून नग जास्त काढले तर उत्पादन वाढलं. तेवढ्याच माणसांनी तेवढ्याच तासांत चांगले नग जास्त काढले तर उत्पादकता. उत्पादनक्षमता ही यंत्रांची, महिन्याला जास्तीत जास्त किती निघू शकेल ती. करारात ह्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. इन्सेंटिव्ह कशावर मोजायचा ह्यावर पगाराचा आकडा फिरतो.

दुसऱ्या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे नुसता भाषेचा प्रश्न नाही. पैसे तेच असतात, पण नाव बदललं की देणारा आणि घेणारा ह्यांचं नातं बदलतं. आधी बोनसचंच बघा.

मुंबईच्या गिरण्यांनी १९१७ मध्ये पगाराच्या १० टक्के युद्धबोनस दिला, पुढच्या वर्षी तो १५ टक्के झाला. मालकांच्या लेखी ती राजीखुशीची देणगी होती. कामगारांच्या लेखी ती महागाईत अपुऱ्या पडलेल्या पगाराची राहिलेली बाकी. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या सुरुवातीला मोठा संप झाला. मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रूढीने किंवा कायद्याने असा हक्क सिद्ध होत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. १९६५ च्या कायद्याने तो हक्क मान्य केला आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. एक आख्खा महिना!

म्हणून ‘सानुग्रह अनुदान’ हे बोनसचं मराठी नव्हे. त्यात अनुग्रह आहे, देणाऱ्याची कृपा आहे. महापालिका कर्मचाऱ्यांना दिवाळीआधी मिळतं ते सानुग्रह अनुदान. रेल्वेत १९७९-८० पासून आहे तो उत्पादकतेशी निगडित बोनस, दिवसांत मोजलेला. घरी दोन्हींना बोनसच म्हणतात, म्हणू देत. करारात मात्र फरक राखलाच पाहिजे.

‘प्रोत्साहन’ माझ्या कानाला खटकतं. शाळेतल्या उत्तेजनार्थ बक्षिसासारखं. कष्टकऱ्यांचे स्वतःचे शब्द सरळ आहेत: नगावर, उक्तं, यंत्रमागावर पिकावर (आडव्या धाग्याच्या फेऱ्या मोजून), विडीला हजारी (हजार विड्यांमागे). त्यांत कुणी कुणाला हुरूप देत नाही. काम झालं, मोजलं, पैसे घेतले.

पण नगावरच्या कामाची खोटही सांगतो. मी एका मशिन शॉपमध्ये बरीच वर्षं काढली. आमच्यातल्या दोघांनी जिगमध्ये, म्हणजे नग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यात, छोटा बदल करून नग भराभर काढायला सुरुवात केली. दोन महिने पैसे चांगले आले. तिसऱ्या महिन्यात वेळ पुन्हा मोजली गेली आणि नगामागचा दर उतरला. त्यानंतर त्या शॉपमध्ये कुणी युक्ती सांगितली नाही. हात मुद्दाम आखडते घेतले जायचे, नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बाजूला घेऊन आकडा सांगायचं, ह्याच्यापुढे जाऊ नको. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने दर कोण ठरवतं ते आधी विचारावं.

तुमचा तिसरा शब्द इथेच येऊन मिळतो. सहभाग मिळमिळीत नाही, आपण तो वापरून वापरून मिळमिळीत केला. त्यातला ‘भाग’ म्हणजे वाटासुद्धा. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानात कलम ४३क आलं, व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं. त्याआधीच, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी कार्य समितीची, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींच्या समितीची, तरतूद होती. माझ्या पाहण्यातल्या समितीची चर्चा कॅन्टीन आणि पंख्यांच्या पुढे क्वचितच गेली.

अमेरिकेत पोलाद कामगारांच्या युनियनमधल्या जोसेफ स्कॅनलन ह्यांनी १९३० च्या दशकात इन्सेंटिव्ह आणि सहभाग ह्या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. कामगारांच्या समित्या बचतीच्या सूचना गोळा करणार, आणि मजुरीवरच्या खर्चाचं विक्रीशी प्रमाण उतरलं की त्या बचतीतला हिस्सा सगळ्यांना. नुसती सूचनापेटी नाही, नुसता भत्ताही नाही. ह्या व्यवस्थेला मी ‘वाढाव्यातला वाटा’ म्हणेन. नफा बाजारभावाने खालीवर होतो, वाढावा मात्र शॉपवरच्या कामातून येतो.

दुसरं उत्तर

‘वाढावा’ छान आहे, पण लोक त्याचा अर्थ हिशेबातली शिल्लक असा घेतील. व्यापारातला वाढावा तसाच वापरतात. करारात एकदा व्याख्या द्यावी लागेल. आणि ‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द कंसाशिवाय, देवनागरीत तसाच ठेवावा. तो आता मराठीच आहे.

प्रश्नकर्त्याकडून

मनापासून आभार. कलम असं लिहिलंय, सगळ्यांनी तपासून सांगा: “ठरलेल्या मापापेक्षा उत्पादकता वाढल्यास वाढाव्यातला वाटा इन्सेंटिव्ह म्हणून मिळेल. माप दोन्ही बाजूंच्या समितीने ठरवायचे असून, कामगाराने सुचवलेल्या सुधारणेमुळे कराराच्या मुदतीत दर कमी करता येणार नाही.”