महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे विद्यार्थी-संपादकपद स्वीकारावे का?

चेंदणीकर (प्रश्न)

मी ठाण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. पहिल्या वर्षापासून मी मराठी वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकाचे काम पाहत आले असून यंदा विभागप्रमुखांनी मला वार्षिकांकाच्या मराठी विभागाचे विद्यार्थी-संपादकपद देऊ केले आहे. आमच्याकडचा वार्षिकांक शैक्षणिक वर्ष संपल्यानंतर छापून येतो. त्यामुळे तृतीय वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांच्या कविता आणि छायाचित्रे त्यात असतात, त्यांतले बहुतेक जण तो घेण्यासाठी महाविद्यालयात परत येतच नाहीत. म्हणून वार्षिकांकाच्या जोडीने चार पानांचे छापील मासिक वार्तापत्र काढावे, अशी माझी इच्छा आहे.

अडचण वेगळीच आहे. परीक्षेच्या काळातही आमच्या ग्रंथालयाचा वाचनकक्ष संध्याकाळी पाचला बंद होतो आणि कळवा, मुंब्रा, दिवा भागांतून येणाऱ्या, घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलींची त्यामुळे पंचाईत होते. यावर मी भित्तिपत्रकासाठी लेख लिहिला, तो 'सकारात्मक लिहावे' असा शेरा मारून परत आला. असे शेरे येणार असतील तर संपादकपद घेऊन मी नेमके काय करणार आहे, आणि पुढील वर्षाच्या अभ्यासातून त्यासाठी वेळ काढणे शहाणपणाचे ठरेल का, यावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

रात्रपाळी

मी एका दैनिकात उपसंपादक आहे आणि माझी सुरुवातही महाविद्यालयाच्या अंकापासूनच झाली. पद अवश्य घ्या, परंतु ते कवितांच्या निवडीसाठी घेऊ नका, कारण ते काम तुमच्यावाचूनही होईल. महाविद्यालयाच्या आत घडणारी गोष्ट शहरातल्या दैनिकांना बहुधा कळत नाही, आणि कळली तरी ती विद्यापीठाच्या वार्ताहराकडे परिपत्रकाच्या रूपात येते. 2017 साली मुंबई विद्यापीठाचे निकाल संगणकीय मूल्यांकनामुळे रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, हे सर्व दैनिकांनी छापले. मात्र निकाल हाती नसल्यामुळे एखाद्या वर्गातल्या कोणाचा पुढचा प्रवेश हुकला आणि कोणाची नोकरी लांबणीवर पडली, याची नोंद त्या वर्गात बसणाराच करू शकत होता. विद्यार्थ्यांच्या प्रकाशनाचे खरे क्षेत्र हे आहे.

आता तुमच्या लेखाबद्दल. तो मी वाचलेला नाही, पण तुम्ही केलेल्या वर्णनावरून त्यात तक्रार आहे आणि उत्तर नाही, असे वाटते. वाचनकक्षात आसने किती आहेत, परीक्षेच्या आठवड्यात दुपारी चार वाजता त्यांतली किती भरलेली असतात, पाचनंतर कक्ष उघडा ठेवण्यासाठी कर्मचारी लागतो की केवळ परवानगी, हे ग्रंथपालांना लेखी विचारा आणि त्यांचे उत्तर काटछाट न करता छापा. कदाचित ग्रंथपालांनी स्वतःच एका जादा माणसाची मागणी केलेली असेल आणि ती फाईल कुठेतरी पडून असेल. तसे निघाले तर तुमची बातमी पूर्णपणे बदलते, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहीत होतात तेच तुमच्या बाजूला येतात. 'सकारात्मक लिहा' या शेऱ्याशी वाद घालण्यापेक्षा लेखातील एकही विधान खोडता येणार नाही, अशी तयारी करणे अधिक फलदायी असते. महाविद्यालय अनुदानित असल्यामुळे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मात्र जे विचारून मिळते त्यासाठी अर्ज करणे हा उद्धटपणा दिसतो, म्हणून हा मार्ग शेवटचा ठेवावा.

एक जाता जाता: 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र निघाले तो दिवस, म्हणजे पत्रकार दिन, म्हणून पहिल्या अंकाचे प्रकाशन 6 जानेवारीलाच करण्याचा मोह सर्वांना होतो. त्या दिवशी प्रमुख पाहुणे मिळणे अशक्यप्राय असते.

प्राध्यापक, नेरुळ

गेली काही वर्षे मी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम पाहतो, त्यामुळे शेरा मारणाऱ्यांची बाजूही मांडतो. अंकात काही अपायकारक छापले गेले तर स्पष्टीकरण विद्यार्थी-संपादकाकडे मागितले जात नाही, ते प्राध्यापकाकडे मागितले जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार अब्रुनुकसानी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. सत्य आणि लोकहित हा बचाव कायद्याने दिला असला, तरी तो सिद्ध करत बसण्याची हौस कोणत्याही संस्थेला नसते. म्हणून लेख देताना सोबत टिपणांची वही, ग्रंथपालांचे उत्तर आणि तारखा दाखवा. माझ्यासमोर अशी कागदपत्रे ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा लेख अडवणे मला कठीण जाते, हे मी मोकळेपणाने सांगतो. त्याउपर लेख नाकारला गेलाच, तर कारण लेखी मागण्यात काहीही गैर नाही.

मासिक वार्तापत्राबाबत मात्र सावध राहा. 1867 चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियम, 2023 आला असून तो 1 मार्च 2024 पासून लागू आहे. ठरावीक कालावधीने छापून निघणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असणारे प्रकाशन या कायद्यात नियतकालिक मानले जाते. त्यामुळे छापील मासिक काढायचे असेल तर ते परस्पर सुरू न करता, शीर्षक आणि नोंदणीचा प्रश्न प्राचार्यांच्या कार्यालयामार्फत आधी निकालात काढावा. तोवर भित्तिपत्रकच दर पंधरवड्याला बदलत ठेवा. आमच्याकडे उपाहारगृहाशेजारच्या फलकावर लावलेला मजकूर जितके लोक वाचतात, तितके वार्षिकांकातला वाचत नाहीत.

अभ्यासाचे म्हणाल, तर वेळ लेखनात जात नाही, इतरांकडून मजकूर मिळवण्यात जातो. अंतिम तारीख सत्र परीक्षेच्या आधीची ठेवा आणि ती एकदाही पुढे ढकलू नका. उपस्थितीची सवलत मिळेल या भरवशावर राहू नका, कारण ती संपादकपदामुळे आपोआप मिळत नाही.

खिळेजुळारी

वार्षिकांक उशिरा का निघतो, याचे निम्मे उत्तर आमच्याकडे, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्यांकडे आहे. ठाण्यात आमचा व्यवसाय जुना असल्याने महाविद्यालयांचे अनेक अंक हातांखालून गेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मजकूर येतो तो निम्मा युनिकोडमध्ये, काही श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत आणि उरलेला हस्ताक्षरात. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे फुटतात. ते दुरुस्त करण्यात जितका वेळ जातो, तितक्यात नवी जुळणी झाली असती. सर्वांकडून मजकूर युनिकोडमध्येच घ्यायचा, हा नियम पहिल्या दिवशी फलकावर लावा. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, कारण ती लहान होऊन येतात. छपाईसाठी इंचाला 300 ठिपके धरले, तर सहा इंच रुंदीच्या छायाचित्राला 1800 ठिपक्यांची रुंदी लागते. मूळ फाईल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्यावी.

पाने चारच्या पटीत धरा, आणि अंक जाड असेल तर सोळा पानांच्या फॉर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाच्या) हिशेबाने. अठ्ठ्याऐंशी पानांचा अंक ठरवून ऐन वेळी आणखी दोन कविता आल्या की आमच्या कारखान्यात जे होते, ते पाहण्यासाठी एकदा अवश्य या. मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायच्या प्रती, दोनदा तपासा, दुसऱ्या वेळी वेगळ्या व्यक्तीने. मथळे, नावे आणि छायाचित्रांखालच्या ओळी सर्वांत शेवटी स्वतंत्रपणे वाचा, कारण चुका तिथेच राहतात आणि तक्रारीही तिथल्याच येतात. प्राचार्यांच्या मनोगतात चूक राहिली तर अंकाची पुन्हा छपाई होते, विद्यार्थ्याच्या नावात राहिली तर होत नाही. म्हणून विद्यार्थ्यांची नावे हजेरीपटाशी ताडून घ्या.

वाशीकर

मुद्रणाचा एवढा व्याप नको असेल तर ध्वनिमुद्रित कार्यक्रमाचाही विचार करावा. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातून 107.8 मेगाहर्ट्झवर 'मस्ट रेडिओ' हे सामुदायिक केंद्र चालते, आणि अशा ठिकाणी काम करून आवाजाचे संपादन शिकता येते. परंतु सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या प्रसारित करण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढेच. तुमचा वाचनकक्षाचा विषय तिथे बातमी म्हणून बसणार नाही, तो पॉडकास्टमध्ये मात्र सहज बसेल.

चेंदणीकर

सर्वांचे आभार. पद स्वीकारत असल्याचे मी विभागप्रमुखांना कळवले असून छापील वार्तापत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. ग्रंथपालांना आजच पत्र देत आहे. एक शंका उरते: ज्या मुली माझ्याशी बोलल्या त्यांना आपले नाव छापून यायला नको आहे. निनावी मजकुराला कितपत वजन राहील?

रात्रपाळी

नाव छापू नका, पण ते तुमच्या आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्या माहितीत असू द्या, आणि नाव का दिले नाही याचे कारण लेखातच एका वाक्यात सांगा. त्या मुलींना आधी विचारून घ्या की प्राध्यापकांना नाव कळलेले चालेल का. नसेल चालणार, तर त्यांचे म्हणणे वगळा. वर्ग, राहण्याचे स्थानक आणि विषय असे तपशील एकत्र दिले तर नाव न छापताही ओळख पटते, हे ध्यानात ठेवा. लेखाचा भार त्यांच्या शब्दांवर टाकू नका. वाचनकक्षाच्या दारावर लावलेले वेळापत्रक, आसनांची संख्या आणि तुम्ही स्वतः संध्याकाळी पाच वाजता उभे राहून मोजलेली माणसे, एवढ्यावर तो उभा राहायला हवा.